धूर जातो कुठे

लिओना मझुरेक कुठल्याही घरात शिरायच्या आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायची. अमेरिकेतल्या बफेलो शहरात जानेवारी महिन्यात हे काम हौसेने कोणी करत नाही. सरोवरावरून वारा येतो तो कानांच्या पाळ्या कापत येतो, आणि अंगणातला बर्फ कुठे घोट्यापर्यंत आहे आणि कुठे मांडीपर्यंत, ते पाय आत गेल्याशिवाय कळत नाही. पण घर घेणाऱ्यांच्या वतीने घरं तपासणं हा तिचा धंदा होता, आणि त्याआधी बरीच वर्षं ती वडिलांच्या हाताखाली छपरं घालत होती. त्यामुळे तिची नजर पहिल्यांदा वर जायची.

त्या दिवशीही ती वर गेली आणि तिथेच अडकली.

घर जुनं होतं, दुमजली, लाकडी. खाली एक बिऱ्हाड, वर एक. छप्पर मात्र नवंकोरं, गेल्या उन्हाळ्यातलं. काळ्या पट्ट्या एका रेषेत बसवलेल्या, कडा स्वच्छ कापलेल्या. आणि त्या अख्ख्या छपरावर धुराडं नव्हतं.

"काय मग, छप्पर कसं आहे?" क्रेग हॅलोरनने गाडीची काच बोटभर खाली करून विचारलं. क्रेग घरांचा दलाल. लिओनाची निम्मी कामं त्याच्याकडून यायची आणि तो ते तिला विसरू द्यायचा नाही.

"सुंदर आहे," लिओना म्हणाली. "धुराडं कुठाय?"

"नसेल. नव्या बॉयलरला लागत नाही ना आता. भिंतीतून नळी काढतात बाहेर."

"मी चारी भिंती बघून आले. नळी नाही."

"लिओना, सुरुवातीलाच नको. लमार आलाय बघ. पोरगा किती खूश आहे."

लमार पेटवे खरंच खूश होता. शहराची बस चालवायचा. तिशीही गाठलेली नव्हती. हे त्याचं पहिलं घर. खाली तो स्वतः राहणार होता आणि वरच्या मजल्यावर त्याची आई, जिने हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात उभं राहून राहून गुडघे घालवले होते. राहत्या जागेच्या मालकाला त्याने खोली सोडतो म्हणून सांगूनही टाकलं होतं.

"मिस लिओना, जे असेल ते स्पष्ट सांगा," तो म्हणाला. "फक्त फार वाईट सांगू नका."

तळघरात बॉयलर होता आणि तो नवा नव्हता. दोन्ही मजल्यांवर ऊब देणारे रेडिएटर तापवणारा तो एकच, लोखंडी, बैलाएवढा. लिओनाने झाकण काढून ज्योत बघितली. निळी असायला हवी ती पिवळट होती आणि टोकाला काजळी धरत होती. कित्येक हिवाळे त्याची साफसफाई झालेली नव्हती. बॉयलरच्या डोक्यावरून पत्र्याची जाड नळी निघून विटांच्या धुराड्यात घुसली होती. लिओनाने काडी पेटवून विझवली आणि तिचा धूर नळीच्या तोंडाशी धरला. धूर सुतासारखा सरळ आत ओढला गेला. कमरेला लावलेलं, विषारी वायू लागला की वाजणारं यंत्र गप्प होतं.

"म्हणजे चांगलं आहे ना?" लमारने विचारलं.

"इथे चांगलं आहे." ती विटांच्या त्या खांबाकडे बघत राहिली. "धूर यात शिरतो. वर छपरावर हा खांबच नाही. मग धूर जातो कुठे?"

लमारने वर बघितलं, जसं काही त्याला तळघराच्या तुळयांतून पलीकडचं दिसणार होतं.

"वर जाऊ या," लिओना म्हणाली.

क्रेग जिन्याच्या तोंडाशीच उभा होता. "वरचं राहू दे. अगदी खालच्यासारखंच आहे. वर एक म्हातारी भाडेकरू आहे, मिसेस टुटको. नॉर्मन म्हणाला तिला उगाच त्रास नको. तिचं डोकं अलीकडे ठिकाणावर नसतं."

नॉर्मन केसलर म्हणजे घरमालक.

"मी तर दोन्ही मजले घेतोय," लमार म्हणाला. आवाज अजून मऊ होता. "मग बघायला नको?"

"अरे, फोटो आहेत की."

लिओनाच्या डोक्यात पहिली ठिणगी पडली ती इथे. विकणाऱ्याला घाई असते आणि दलालाला त्याहून जास्त, हे तिला ठाऊक होतं. पण ज्या मजल्यावर माणूस राहतं तो सोडून द्या आणि जो रिकामा आहे तो बघा, असं कोणी तिला आजवर सांगितलं नव्हतं. ती क्रेगच्या खांद्याला खांदा घासून वर गेली.

दार साखळीएवढंच उघडलं. फटीत एक पांढरं डोकं, दोन स्वेटर आणि संतापलेला एक डोळा.

"पुन्हा आलात? नॉर्मनला जाऊन सांगा, मी इथून आडवीच जाईन."

"मी नॉर्मनची माणूस नाही, मिसेस टुटको. मी घरं तपासते."

"कोणासाठी?"

"हे घर घेतायत त्यांच्यासाठी. हे लमार."

"म्हणजे मला बाहेर काढणारा हा होय." डोळा लमारवर फिरला. "तब्येतीने बरा दिसतोस. स्वतःच्या आईला असा काढशील का?"

लमार बुटांकडे बघायला लागला. त्याला आपल्या आईलाच इथे आणायचं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"दोन मिनिटं, माळ्याचं झाकण बघते आणि जाते," लिओना म्हणाली.

विल्मा टुटकोने बराच वेळ साखळीशी झटापट केली. बोटं साखळीवर नीट चालत नव्हती. शेवटी दार उघडलं, आतली ऊबदार हवा जिन्यात आली, आणि लिओनाच्या कमरेचं यंत्र किंचाळायला लागलं.

विल्मा दचकली नाही. ती त्या यंत्राकडे बोट रोखून उभी राहिली.

"हाच," ती म्हणाली. "हाच आवाज. माझ्या पॅसेजमध्ये वाजायचा. मी नॉर्मनला सांगितलं. तो आला, यंत्र काढून घेऊन गेला, म्हणाला बिघडलंय. नवं आणतो म्हणाला. माझा मुलगा म्हणाला, आई, तुझ्या कानात वाजतंय."

लिओनाने आकडा बघितला. दारातच इतका, तर आत किती असेल ते बघायला ती थांबली नाही.

"लमार, खिडक्या उघड. सगळ्या. मिसेस टुटको, कोट घाला, बाहेर चला. आत्ता. हवेत विषारी वायू आहे."

"म्हणजे असं करून काढणार मला." विल्मा खुर्चीत जाऊन बसली आणि हातांनी खुर्चीचे दांडे धरले. "घर सोडायच्या नोटिशीने जमलं नाही म्हणून आता वायू. मला वेडी समजता सगळे."

"डोकं दुखतं का तुमचं?"

"कोणाचं नाही दुखत?"

"बाहेर गेल्यावर थांबतं?"

विल्माने दांड्यांवरची पकड सैल केली. मग हळू म्हणाली, "रविवारी चर्चमध्ये थांबतं. मला वाटलं, देवाची कृपा."

तिला लमारकडे सोपवून लिओना जिना उतरायला लागली. तळघराच्या दाराजवळ बॉयलर बंद करायचं लाल बटण होतं. क्रेगने तिचा दंड धरला.

"काय चाललंय? बटणाला हात लावायचा तुला अधिकार नाही. घर अजून नॉर्मनचं आहे. बाहेर उणे बारा आहे, पाइप गोठले तर भरून कोण देणार? अहवालात लिही. अहवाल लमारला जाईल, लमार ठरवेल. पद्धत ही आहे."

"वर बाई मरतेय, क्रेग."

"ती म्हातारी आहे."

तो हे काही विचार करून बोलला नसावा. भीतीने तोंडातून निसटलं असावं. पण लिओनाने ते ऐकलं, आणि आपला दंड इतक्या जोरात सोडवून घेतला की क्रेगच्या हातातली कॉफी भिंतीवर उडाली. तिने लाल बटण खाली पाडलं. बॉयलर घरघरत थांबला. मग तिने अग्निशमन दलाला फोन लावला, आणि पत्ता सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण ओरडून बोलतोय.

लमारने विल्माला कोटासकट आणि निम्म्या गोधडीसकट उचलून खाली आणलं. ती त्याच्या खांद्यावर पर्सने फटके देत होती.

"मारा," तो म्हणत होता. "मारा, पण खाली चला."

बंब आला. जवानांनी आपल्या यंत्रांनी मोजमाप केलं, तोंडाला मुखवटे लावले, आणि त्यांच्या कप्तानाने, एका बुटक्या, दाढीवाल्या माणसाने, घर हवेशीर झाल्यावर लिओनाला आपल्याबरोबर वर घेतलं. विल्माच्या झोपायच्या खोलीत पलंगाच्या उशाशी, फुलांच्या वॉलपेपरखाली, ताटाएवढा गोल उंचवटा होता. त्याच्याभोवती तपकिरी डाग. कप्तानाने सुरीने कागद कापला. आत पातळ पत्र्याचं झाकण, तेही एका बाजूने सुटलेलं. जुन्या काळी त्या खोलीत शेगडी होती तेव्हाचं ते धुराड्यातलं भोक. विल्मा रोज रात्री त्याच्यापासून हातभर अंतरावर डोकं ठेवत होती.

माळ्यावर तर आणखीच स्पष्ट होतं. विटांचं धुराडं छपराच्या दोन विती खालीच संपलं होतं. वरच्या विटा काढून टाकलेल्या, त्यावरून नव्या फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर ते सुंदर छप्पर. माळ्यातल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला गोठलेल्या पाण्याचा थेंब लोंबत होता. लाकूड काळं पडून बुळबुळीत झालं होतं. सगळ्या हिवाळ्यात बॉयलरचा धूर इथे साठत होता आणि जागा मिळेल तसा खाली उतरत होता.

"हे केलं कोणी?" कप्तानाने विचारलं.

"विचारते," लिओना म्हणाली.

नॉर्मन केसलरने फोन लगेच उचलला. आवाज गोड होता. लिओना त्याला ओळखत होती, चर्चमध्ये माशांचं सामुदायिक जेवण असायचं, तिथे तो वाढायला असायचा.

"नॉर्मन, तुझ्या घराचं धुराडं कोणी कापलं?"

"अच्छा, ते. त्यातून पाणी गळायचं. माझ्या भाच्याने छपराबरोबर काढून टाकलं. तो म्हणाला, आता हे कोणी वापरत नाही."

"तळघरात बॉयलर त्यालाच जोडलाय."

"मी काय तज्ज्ञ आहे का, लिओना?"

"आणि तिच्या पॅसेजमधलं यंत्र?"

"ते सारखं वाजायचं. बिचारीला झोप लागेना. मीच काढून दिलं."

"वाजणं हेच त्याचं काम होतं." लिओनाचे दात एकमेकांवर घासत होते. थंडीने नाही. "बरोबर काम करत होतं ते. तू त्याचं तोंड बंद केलंस."

"हे बघ, मी त्या बाईचं भाडं वर्षानुवर्षं वाढवलं नाही. ख्रिसमसला मी तिला हॅम नेऊन दिलं. तू मला असं बोलू नकोस."

"भाच्याने तुझी आणखी कुठली घरं केली?"

पलीकडे नॉर्मन नुसता खाकरला.

"नॉर्मन, गेल्या उन्हाळ्यात त्याने आणखी कुठल्या छपरावर काम केलं?"

"माझ्या वकिलाशी बोल," नॉर्मन म्हणाला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही.

लिओना फोन हातात धरून बर्फात उभी राहिली. माणूस चुकतो हे ती समजू शकत होती. तिने स्वतः छपरावर काम केलं होतं, चुका कशा होतात ते बघितलं होतं. पण चूक कळल्यावर, कुठेतरी आणखी कोणी अशाच खोलीत झोपलं असेल हे कळल्यावर फोन ठेवून देणारा माणूस तिला समजत नव्हता, आणि समजून घ्यायची तिची इच्छाही नव्हती.

रुग्णवाहिकेत विल्माच्या तोंडाला ऑक्सिजन लावला होता. तिचा मुलगा ग्रेगरी आला होता, कामावरून तसाच, गळ्यात ओळखपत्र. लिओना आत वाकली.

"मिसेस टुटको, नॉर्मनची आणखी घरं आहेत का? कुठे आहेत?"

विल्माने मुखवटा खाली ओढला. "आहे. एक आहे. हिरवं. समोर चर्च… नाही, चर्च नाही. कोपऱ्यावर बेकरी. सुश्काची. मी शाळेत जेवण वाढायचे तेव्हा तिथली मुलं माझ्याकडे यायची."

"तिला विचारू नका," ग्रेगरी म्हणाला. थकलेला आवाज. "ती बेकरी बंद होऊन किती काळ लोटला. आईला काल रात्री काय जेवली ते आठवत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय आम्हाला. पुढच्या महिन्यात तिची वृद्धाश्रमात सोय केलीय."

"मला आठवतं," विल्मा म्हणाली. "मी भात खाल्ला. आणि तू फोन केला नाहीस."

कप्तान म्हणाला, "पत्ता हवा. बंद पडलेल्या बेकरीवर मी गाडी पाठवू शकत नाही. पत्ता मिळाला की कळवा, लगेच येतो."

लिओनाने ग्रेगरीकडे बघितलं, कप्तानाकडे बघितलं. तिला दोघांनाही हलवून काढावंसं वाटलं. सुश्काची बेकरी तिला माहीत होती. लहानपणी शनिवारी वडील तिला तिथे खसखशीचा रोल घेऊन द्यायचे. ती गल्ली कुठली ते तिला डोळे मिटून सापडलं असतं.

"मी येतो," लमार म्हणाला. तो अजून तिथेच होता, कोटाची बटणंही न लावता. "तुम्ही छपरं बघा, मी चालवतो."

गल्लीत हिरवं घर नव्हतं. दोनदा खालीवर गेले. लिओना काचेला नाक लावून प्रत्येक छपराकडे बघत होती. धुराडं, धुराडं, धुराडं. मग एक करड्या रंगाचं दुमजली घर आलं. खिडक्यांच्या चौकटींत, जिथे नवा रंग पोचला नव्हता तिथे, जुना हिरवा डोकावत होता. वर काळं, नवं, रेषेत बसवलेलं छप्पर. आणि वर काही नाही.

"थांब," लिओना म्हणाली.

दाराशी कोणी येईना. लमारने मुठीने वाजवलं. शेवटी वरच्या मजल्यावरून एक बाई खाली आली, बर्माकडची, पाठीवर लांब वेणी, चेहरा ओढलेला. नाव नॉ एह मू, हे त्यांना नंतर कळलं. तिने त्यांच्याकडे संशयाने बघितलं.

"तुमचा बॉयलर तपासायचाय," लिओना म्हणाली.

"मालकाने पाठवलं?"

"नाही."

"मग नको. मालक रागावतात."

"घरात कोणाला उलट्या होतात का? डोकं दुखतं?"

"मुलींना. ताप आहे, सगळ्या शाळेला आहे. आत्ता झोपल्यात." तिने मागे जिन्याकडे वळून बघितलं. "झोपतच असतात."

लिओनाने पुढचं काही विचारलं नाही. ती त्या बाईच्या बाजूने आत घुसली. अर्ध्या जिन्यातच यंत्र वाजायला लागलं. मागून बाई तिच्या भाषेत ओरडत होती, तिचा कोट खेचत होती. वरच्या खोलीत एका गादीवर दोन मुली, एक पाचेक वर्षांची, दुसरी त्याहून लहान. लिओनाने धाकटीला उचललं तेव्हा तिची मान ओल्या कापडासारखी मागे पडली. लमारने मोठीला उचललं. बाईचा आरडाओरडा थांबला. तिने यंत्राकडे बघितलं, मुलीच्या मानेकडे बघितलं, आणि ती त्यांच्या पुढे धावली.

बाहेर, बर्फात, गार वाऱ्यात, मोठी मुलगी ओकली आणि रडली. धाकटी काही करेना. लिओना तिला छातीशी धरून गल्लीत उभी होती, तिच्या गालांवर हाताने चापट्या मारत होती, आणि शिव्या घालत होती. नॉर्मनला, त्याच्या भाच्याला, क्रेगला, आणि गाडी पाठवता येत नाही म्हणणाऱ्या त्या कप्तानाला. पोलिश शिव्या, वडिलांच्या तोंडच्या. मुलीने डोळे उघडले आणि अनोळखी बाईचा असा तोंडाचा पट्टा ऐकून ती घाबरून रडायला लागली. लिओनाने तिला आपल्या कोटात गुंडाळून घेतलं. ती पायरीवर बसली. लमार फोनवर बंबाला पत्ता सांगत होता, घराच्या नंबरासकट, एकेक अक्षर ठासून.

मुली वाचल्या. हॉस्पिटलात त्यांना बरेच दिवस ठेवलं. शहराने नॉर्मनची दोन्ही घरं बंद केली आणि त्याच्यावर खटला भरला, तो अजून चालू आहे. भाचा दुसऱ्या राज्यात निघून गेला. चर्चच्या माशांच्या जेवणाला नॉर्मन अजून येतो. काही लोक त्याच्याशी बोलतात, त्याला म्हणतात, तुला काय माहीत असणार. लिओना त्याच्या ओळीत उभी राहत नाही.

क्रेगने त्याच रात्री तिला निरोप पाठवला. आता ती त्याच्या ग्राहकांची घरं तपासणार नव्हती. इतर दलालांतही बोलणं झालं असावं, कारण त्या महिन्यात तिचा फोन फार वाजला नाही. बरोबर केलंस असंही एकदोघे दबक्या आवाजात म्हणाले, पण काम कोणी दिलं नाही. तिला त्यांचा क्रेगपेक्षाही जास्त राग आला.

लमारने घर सोडून दिलं. जुनी खोली आधीच गेलेली, तो आणि आई मावशीच्या घरी दिवाणखान्यात झोपायला लागले. लिओनाने दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "मिस लिओना, तुमचं बरोबर होतं. मला माहितेय. पण आत्ता मला तुमचा आवाज ऐकायचा नाही. आई रोज सकाळी विचारते, आपलं घर कुठंय." तिने फोन ठेवला. त्याच्यावर रागावता येत नव्हतं, म्हणून ती संध्याकाळभर भांडी आपटत राहिली.

फेब्रुवारीत ती विल्माला भेटायला गेली. विल्मा शुश्रूषागृहात होती, चालण्याचा व्यायाम करायला. खुर्चीत ताठ बसली होती. बोटं पत्त्यांच्या डावावर झपाझप चालत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला हरवत होती.

"डॉक्टरकडून वदवून घेतलं मी," ती म्हणाली. "माझं डोकं ठिकाणावर आहे. ग्रेगरीसमोर वदवून घेतलं. रडला. म्हटलं, रड. सगळा हिवाळा मला वेडी ठरवत होतास."

"तो घाबरला होता, मिसेस टुटको."

"असेल. मीही घाबरले होते. रोज सकाळी उठून वाटायचं, आज मुलाचं नाव विसरेन." तिने पत्ते खाली ठेवले. "तू किती वर्षं हे काम करतेस?"

"बरीच."

"आमच्या गल्लीत आलीस कधी?"

"पुष्कळदा."

"मला कधी दिसली नाहीस."

"घर विकायला निघालं की बोलावतात."

"तेच म्हणते मी." विल्माचा आवाज चढला. शेजारच्या बाईने मान वळवली. "तुझे उपकार मानायचे म्हणून मी वाट बघत होते, आणि विचार करत बसले की मला राग येतोय. नॉर्मनला ते घर विकायचं नसतं तर तू आली असतीस? मी त्या भोकाशेजारी मेले असते. म्हातारी होती, झोपेत गेली म्हणाले असते. त्या बर्माच्या बाईच्या मुलींचं काय झालं असतं? घर विकायचं असलं की टॉर्च आणि शिडी घेऊन येता. माणसं राहतात तेव्हा कोणी फिरकत नाही."

"मला कोण बोलावणार?" लिओना म्हणाली, आणि आपण चिडून बोललो हे तिला जाणवलं. "घरमालक बोलावत नाही. भाडेकरूने बोलावलं तर मालक त्याला काढतो."

"मला आता कुठून काढणार आहेत?" विल्मा म्हणाली. "मी बोलावते. ही इडा बघ." तिने शेजारच्या खाटेकडे हनुवटी केली. "हिच्या बहिणीला रोज सकाळी चक्कर येते. सांग गं इडा, कुठे राहते ती."

इडा कोपरावर उठून बसली आणि पत्ता सांगायला लागली. तिने तो दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा लिओनाचं लक्ष नव्हतं. ती अजून विल्माचं बोलणं गिळत होती. मग तिने कोट चढवला.

इडाची बहीण टेकडीच्या उतारावरच्या एका घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होती. लिओनाने गाडी लावली, बाहेरून फेरी मारायला निघाली, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून मालक बाहेर आला. हाताला रंग लागलेला, पायात सपाता.

"ए बाई, काय बघतेस?"

"तुमचं धुराडं."

"तुला कोणी बोलावलं?"

"वर राहतात त्यांनी."

"घर माझं आहे. त्यांना कोणाला बोलवायचा हक्क नाही."

"असेल," लिओना म्हणाली. "पोलिसांना फोन करा. ते येईपर्यंत मी वर असेन." तो फोन शोधायला आत वळला, आणि तिने यंत्र चालू करून वरच्या मजल्याची घंटा दाबली.